आमच्या घरची ‘सत्तावनची रायफल’

माहेराहून बाईच्या वाट्याला काय येते, हे आपणां सर्व भगिनींना ठाऊक आहेच. आईची एखादी नऊवारी, आजीच्या पाटल्या, फार तर तांब्याचा बंब नाही तर पितळेचे घंगाळ. माझ्या वाट्याला मात्र आली बंदूक! आमचे धाकटे काका निपुत्रिक वारले. भाताची दोन खाचरे, आंब्याची चार कलमे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘सत्तावनची रायफल’ म्हणून ओळखली जाणारी ती बंदूक त्यांनी मृत्युपत्राने माझ्या नावे केली. भावांना याचा थोडा अचंबा वाटला. पण लहानपणी दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी तिला गंध लावण्याचे काम काका हौसेने मलाच सांगत, त्याची आठवण त्यांनी ठेवली असावी.

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी या बंदुकीची कथा सर्वांना तोंडपाठ. आमचे खापरपणजोबा पलटणीत होते, सत्तावन साली ते लढले, आणि ही रायफल घेऊन घाट उतरून घरी आले. एवढीच कथा. ते कोणत्या बाजूने लढले, असे कोणी विचारीत नसे. ‘सत्तावन’ म्हटले की बाजू एकच, असेच सर्वांनी मनोमन धरलेले होते. गावच्या शाळेच्या महोत्सवात मांडण्याकरिता रायफल द्या आणि तिची चार ओळींत माहिती लिहून द्या, असा निरोप आला, तेव्हा ती माहिती खात्रीची असावी म्हणून मी या बंदुकीच्या मागे लागले. त्या शोधात जे हाती आले, तेच आज मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने मैत्रिणींपुढे ठेवीत आहे.

पहिली गाठ पडली ती कायद्याशी. परवानाधारक वारला की त्याची बंदूक वारसाने नुसती कपाटात ठेवून चालत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानेवाल्या व्यापाऱ्याकडे जमा करायची आणि मग आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा, असे १९५९ च्या शस्त्र कायद्यात सांगितले आहे. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. कोकणातल्या शेतकऱ्याला त्यातली एक सोय चांगली परिचयाची आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात मिळतो. आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडचे परवाने ‘पीक संरक्षण’ याच कारणाने दिलेले होते. निवडणूक आली की काका बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा करीत आणि निकाल लागल्यावर परत आणीत. आता त्या हेलपाट्या माझ्याकडे आल्या.

अर्जात बंदुकीचे वर्णन लिहायचे होते. घरी सगळे ‘रायफल’ म्हणत, आणि परवान्याच्या जुन्या कागदावर तर ‘ठासणीची बंदूक’ असे होते. दोन्ही खरे कसे, हे कळेना. म्हणून बंदुकांची दुरुस्ती करण्यात हयात गेलेल्या एका वृद्ध कारागिराला ती दाखवली. त्यांनी बंदूक हाती घेताच पहिले काम केले ते असे: ठासणीचा गज नळीत शेवटपर्यंत घातला, तोंडाशी बोटाने खूण धरली, आणि तोच गज बाहेर काढून नळीवर मोजून पाहिला. “जुन्या बंदुकीत बार भरलेला राहून गेलेला असतो, ताई. शंभर वर्षांनीसुद्धा घात करील,” ते म्हणाले. ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे, आणि ही तपासणी जाणत्याकडूनच करवून घ्यावी. आमची नळी सुदैवाने रिकामी होती.

मग त्यांनी माझे बोट नळीच्या तोंडाशी लावले. आतून ती काचेच्या बरणीसारखी गुळगुळीत होती. “ही रायफल नव्हे,” ते म्हणाले. “रायफल होती तिच्या जातीची. पण ही नव्हे.”

हे नीट समजण्यासाठी रायफल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साध्या बंदुकीची नळी आतून सपाट असते. गोळी तिच्यात सैल बसते, बार उडाल्यावर आपटत आपटत बाहेर पडते आणि शंभर पावलांपलीकडे तिचा नेमच राहत नाही. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांत धरून गोळी गरगर फिरत बाहेर पडते. मुलांचा भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, गती गेली की कलंडतो. गोळीचेही तसेच. फिरत गेलेली गोळी दूरवर सरळ जाते. रायफल हे नावच मुळी या खाचांवरून पडलेले आहे.

अशा खाचांची जी बंदूक इंग्रजांनी १८५३ साली आपल्या फौजेसाठी ठरवली, तिला लंडनच्या उत्तरेकडील एनफील्ड येथील कारखान्यावरून एनफील्ड रायफल म्हणत. तिची नळी ३९ इंच लांब, तोंडाची रुंदी ०.५७७ इंच, आत तीन खाचा. वजन सुमारे नऊ पौंड, म्हणजे आपले चार किलो. नऊशे यार्डांपर्यंत नेम धरण्यासाठी तिच्या नळीवर उभी करता येणारी पट्टी असे. नळी लाकडी दस्त्याला तीन लोखंडी कड्यांनी आवळलेली. आमच्या बंदुकीला हे सगळे जसेच्या तसे आहे: तीन कडी, तीच लांबी, तोच घोडा. नाहीत त्या फक्त आतल्या खाचा आणि वरची ती उभी होणारी पट्टी. त्या पट्टीच्या जागी एक ओबडधोबड ठोकळा बसवलेला आहे. त्यावर लांबचा नेम धरताच येत नाही.

एनफील्डचे नाव निघाले की काडतुसांची गोष्ट आलीच. कागदाच्या नळकांड्यात दारू आणि गोळी एकत्र असे. शिपायाने त्याचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, आणि मग गोळी तिच्या कागदासकट उलटी करून गजाने खाली ठासायची. गोळी खाचांच्या नळीतून सहज खाली सरकावी म्हणून त्या कागदाला चरबी फासलेली असे. गोळीचे बूड पोकळ ठेवलेले असल्याने बार उडाला की ती फुगून खाचांत घट्ट बसे. युक्ती नामी होती, पण ती चरबी गाईची आणि डुकराची आहे ही वार्ता १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठले, मीरतच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारून बेड्या पत्करल्या आणि १० मे रोजी तिथे भडका उडाला. आग पेटायला इतरही पुष्कळ लाकडे रचलेली होती. संस्थाने खालसा झाली होती, दत्तके नामंजूर झाली होती. काडतूस ही नुसती ठिणगी.

यातली एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. एनफील्ड तेव्हा नुकती कुठे हिंदुस्थानात येऊ लागली होती. बहुतेक शिपायांच्या हाती जुन्या गुळगुळीत नळीच्याच बंदुका होत्या, आणि त्यांनीच ते लढले. एनफील्ड चालली ती मुख्यतः गोऱ्या पलटणींच्या हातून, त्यांच्याविरुद्ध. ज्या रायफलीने बंड पेटले असे आपण म्हणतो, तीच बंड मोडायला कामी आली.

आता आमच्या बंदुकीकडे येते. तिच्या घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवरचा गंज कारागिरांनी तेलाच्या चिंधीने हळूहळू पुसला. खाली एक मुकुट निघाला. ‘टॉवर’ अशी इंग्रजी अक्षरे निघाली, आणि साल निघाले १८५९. झाशी पडली ३ एप्रिल १८५८ च्या सुमारास. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या त्या जून १८५८ मध्ये. तात्या टोप्यांना शिप्रीला फाशी दिले १८ एप्रिल १८५९ रोजी. तेव्हा १८५९ सालचा शिक्का असलेली बंदूक सत्तावनच्या रणात असणे शक्यच नव्हते. पुढे कारागिरांनी नळीचे तोंड मोजले, तर ते ०.५७७ न भरता ०.६५ च्या किंचित वर भरले. तेव्हा ते हसून म्हणाले, “ही अविश्वासाची बंदूक!”

त्याचा अर्थ असा. बंड शमल्यावर सरकारने ठरवले की, एतद्देशीय शिपायाच्या हाती यापुढे गोऱ्या सोल्जराच्या बरोबरीचे हत्यार द्यायचे नाही. पण कारखाने तर एनफील्डचेच साचे चालवीत होते. मग त्याच बंदुकीची नळी आतून रुंद करून खाचा घालवल्या, लांबचा नेम धरण्याची पट्टी काढून टाकली, आणि १८५८ च्या नमुन्याची म्हणून ती हिंदी पलटणींसाठी पाठवली. पोखरल्याने नळी पातळ झाली, म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. दिसायला रायफल, प्रत्यक्षात साधी बंदूक. कवायतीच्या मैदानावर दोन्ही पलटणी शेजारी उभ्या राहिल्या तर पाहणाऱ्याला फरक कळू नये, आणि गोळी सुटली तर मात्र कळावा! तोफखानाही, थोड्या डोंगरी तोफा सोडल्या, तर हिंदी हातांतून काढून घेतला गेला.

पलटणींना नवी हत्यारे आली की जुनी हत्यारे बाजारात उतरत. तशीच ही पुढे केव्हातरी आमच्याकडे आली असली पाहिजे, कारण काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला सर्वांत जुना परवाना आजोबांच्या नावचा आहे आणि कारण रानडुकरांचे. म्हणजे खापरपणजोबांनी हातात धरून आणलेली ती ही बंदूक नव्हे. मग ते सत्तावन साली लढले, ही गोष्टही खोटी की काय?

ती मात्र खरी निघाली, आणि तिनेच माझी झोप उडवली. त्याच ट्रंकेत सुपारीच्या जुन्या डब्यात एक चांदीचे पदक होते. घरात त्याला ‘राणीचा रुपया’ म्हणत. आजी सांगे की, मुलांना दृष्ट लागू नये म्हणून ते पाळण्याला बांधीत. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली, हाती पुष्पचक्र धरलेली स्त्री आणि तिच्यामागे सिंह. वर ‘इंडिया’, खाली ‘१८५७-१८५८’. पदकाच्या माथ्यावरच्या पट्टीवर इंग्रजीत दोन शब्द: ‘सेंट्रल इंडिया’. भिंगाने कडेवरची अक्षरे लावली, तर खापरपणजोबांचे नाव निघाले आणि पुढे त्यांची पलटण, मुंबईची २५ वी नेटिव्ह इन्फन्ट्री.

हे पदक बंड मोडणाऱ्या फौजेला दिलेले. ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे सर ह्यू रोज याची मोहीम. त्याच्या फौजेत मुंबईच्या २४ व्या आणि २५ व्या पलटणी होत्या, आणि ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या तटावर जो हल्ला झाला त्यात २५ वी पलटण होती.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या सभागृहात राणी लक्ष्मीबाईंची तसबीर आहे. दरवर्षी तिला हार घालून आपण सभेला आरंभ करतो. मी स्वतः तिला कितीदा तरी हार घातला आहे. मोरोपंत तांब्यांची ती मनकर्णिका, आपल्याच मराठी घरातली लेक. आणि तिच्या तटाबाहेर उभ्या असलेल्या शिपायांत आमच्या घरचा माणूस! तटाच्या आतही मराठी बोलली जात होती आणि बाहेरही. आपल्या कोकणातले, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्यात शहराच्या आत अडकले होते, हे त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे सर्वश्रुत आहे. आमचे खापरपणजोबा बाहेर होते. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्यामागे उरले ते हे पदकच.

घरात हे सांगितले तेव्हा थोरले बंधू नाराज झाले. “हे उकरून काढायची काय गरज होती? इतकी वर्षे कोणाचे काय अडले होते?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. पुढच्या पिढीपुढे पूर्वजाचा अभिमान ठेवावा, ही इच्छा वाईट कशी म्हणावी? पण शाळेतल्या मुलांपुढे आपण खोटी पाटी ठेवायची, आणि त्यांनी तीच खरी मानून मोठे व्हायचे, हेही मनाला पटेना.

म्हणून मी थोडे अधिक वाचले. आपला रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईच्या फौजेची भरतीची खाण. डोंगरउताराची शेती, पावसावर भात आणि वरकस जमिनीवर नाचणी, त्यात घरची तोंडे भरत नाहीत. पलटणीत महिना सात रुपये रोख मिळत आणि म्हातारपणी पेन्शन. दापोलीला ‘कॅम्प दापोली’ म्हणत, कारण तिथे लष्कराचे ठाणे होते आणि निवृत्त शिपाई तिथे वस्ती करून राहत. तिथल्या कित्येक चुली या पेन्शनवर पेटल्या. ‘देश’ या शब्दाचा आपण आज जो अर्थ करतो, तो त्या शिपायाला कोणी शिकवला नव्हता. मीठ ज्याचे खावे त्याच्याशी इमान ठेवावे, एवढे त्याला माहीत होते.

पण म्हणून सगळेच स्वस्थ बसले असेही नाही. मुंबईच्याच फौजेतली २७ वी पलटण ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात उठली. ल ग्रां जेकब याने जाऊन ती निःशस्त्र केली, आणि छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना पुढे कराचीला नेऊन ठेवले. त्याच सालच्या हत्यारबंदीच्या कायद्याविरुद्ध मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड लढले. नरगुंदचे बाबासाहेब भावे मे १८५८ मध्ये उठले आणि १२ जूनला बेळगावात फासावर गेले. तेव्हा दोन्ही वाटा लोकांपुढे होत्या, दोन्हींवर माणसे चालली. आमचा पूर्वज एका वाटेने गेला. त्याला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही, आणि त्याची वाट दुसरीच होती असे सांगण्याचाही नाही.

आणि इथेच मला त्या गुळगुळीत नळीचा खरा अर्थ उमगला. जे उठले त्यांना तोफेच्या तोंडी दिले. जे इमानाने राहिले त्यांना पदक दिले, पण त्यांच्याही बंदुकीच्या खाचा घालवल्या! इमानाची किंमत सरकारने अशी केली. आणि हे एका वर्षापुरते नव्हते. गोऱ्यांना १८६६ च्या सुमारास मागून काडतूस भरायची स्नायडर मिळाली, ती हिंदी शिपायाला पुष्कळ मागाहून. गोऱ्यांना १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री मंजूर झाली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली, तेव्हा गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हाती मार्टिनी होती आणि शेजारी मरणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सच्या नि जेकब्ज रायफल्सच्या हाती स्नायडर. सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेतली हजाराच्या आसपास माणसे तिथे पडली. १९१४ च्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेलिसला उतरली, तेव्हाही तिच्याजवळ जुन्या धाटणीच्या रायफली होत्या. त्या तिथे घाईघाईने बदलून द्याव्या लागल्या. कारण आता जर्मनांशी गाठ होती.

घरच्या माणसाचीही तीच गत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा हिंदी माणसाला गुन्हा ठरला, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट मिळाली. गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुजाऱ्यानेसुद्धा या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला. प्रश्न बंदुकीच्या हौसेचा नव्हता, मानाचा होता.

थोरल्या बंधूंना हे सगळे मी एका संध्याकाळी ओटीवर बसून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पदक हातात घेऊन म्हणाले, “याने तिकडे राणीवर बार टाकला, आणि इकडे त्याच्या भाऊबंदांच्या हाती हे पोकळ नळकांडे दिले. दोन्ही बाजूंनी बिचारा फसला.” मला वाटते, पूर्वजाबद्दल इतके खरे आणि इतके मायेचे बोलणे आमच्या घरात पूर्वी कधी झाले नसेल.

परवानाधारकाने बंदूक स्वतःच्या ताब्याबाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणून शाळेला प्रत्यक्ष बंदूक न देता तिचे मोठे छायाचित्र आणि पदकाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र दिले. चार ओळींची माहिती दिली ती अशी: “एनफील्डच्या घडणीची ठासणीची बंदूक, १८५९. सत्तावनच्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी खाचा घालवून केलेली. सोबतचे पदक या गावच्या एका शिपायाचे, मुंबईच्या २५ व्या पलटणीतले. तो झाशी जिंकणाऱ्या फौजेत होता.” सातवीतल्या एका मुलीने ते दोनदा वाचले आणि गुरुजींना विचारले, “मग तो आपला होता की त्यांचा?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हटले, “बाळ, तो आपलाच होता. म्हणून तर हे खरे लिहिले.”